उसावर की उन्हावर? तेलानंतरच्या गाडीचा तुलनात्मक आढावा

आमच्या घरचा अडीच एकर ऊस दरवर्षी कारखान्याला जातो, आणि दारात मात्र विजेवर चालणारी गाडी उभी असते. ही विसंगती गावातल्या लोकांनी मला पुरेशा वेळा ऐकवलेली आहे. ज्याच्या उसाचे इथेनॉल होते त्यानेच इथेनॉलकडे पाठ फिरवावी, हे सांगली जिल्ह्यात सहजासहजी पचणारे नाही. त्यामुळे पुढील आढावा वाचताना वाचकाने हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे की माझे आर्थिक हित एका बाजूला आहे आणि मी केलेली निवड दुसऱ्या बाजूला. पुतण्याला यंदा गाडी घ्यायची आहे. त्याने मला सविस्तर विचारले, आणि तोंडी उत्तर देताना दरवेळी काहीतरी निसटत गेले, म्हणून हे लिहून काढत आहे.

तेल एका दिवसात संपणार नाही. १९५६ साली हबर्ट या भूशास्त्रज्ञाने अमेरिकेचे तेल-उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागेल असे सांगितले, आणि १९७० साली ते खरोखर उतरले. पुढे मात्र शेल खडकांतून तेल काढण्याची युक्ती साधल्यावर तेच उत्पादन २०१८ मध्ये जुन्या शिखराच्याही वर गेले. म्हणजे तेल संपण्याचे भाकीत करणारे फसतात, आणि ते कधीच संपणार नाही म्हणणारेही फसतात. गाडी घेणाऱ्यासाठी खरा प्रश्न याहून लहान आहे. आज घेतलेली गाडी आपण दहा-पंधरा वर्षे वापरतो. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. या दहा-पंधरा वर्षांत ते अधूनमधून महागेल, एखाद्या युद्धामुळे अडेल आणि पुन्हा सुटेल. अशा काळात आपली गाडी कशावर उभी असावी, एवढेच ठरवायचे आहे.

त्यासाठी सध्या दोन गंभीर वाटा दिसतात. मुळात दोन्ही उन्हाच्याच आहेत. एकीत ऊन उसाच्या पानावर पडते, त्याचा रस होतो, रस आंबवून इथेनॉल होते आणि ते इंजिनात जळते. दुसरीत ऊन पत्र्यावरच्या पॅनेलवर पडते आणि त्याची थेट वीज होते. पहिल्या वाटेने ब्राझील १९७५ पासून चालत आहे. दुसऱ्या वाटेने नॉर्वे इतका पुढे गेला आहे की २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के मोटारी विजेवरच्या होत्या. नॉर्वेचे उदाहरण दिले की लोक म्हणतात, ते श्रीमंत आहेत, त्यांचे सोडा. मग नेपाळ घ्या. २०१५ च्या नाकेबंदीत काठमांडूच्या पंपांवर दिवस-दिवस रांगा लागल्या होत्या. आज तेथे आयात होणाऱ्या नव्या मोटारींमध्ये निम्म्याहून बऱ्याच अधिक विजेवरच्या असतात, आणि ती वीज त्यांच्याच नद्यांची आहे. इथिओपियाने तर २०२४ च्या आरंभी पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींची आयातच बंद केली, कारण तेलासाठी डॉलर उरत नव्हते. पर्यावरणाच्या प्रेमापेक्षा रिकाम्या तिजोरीने घेतलेला हा निर्णय आहे, आणि म्हणूनच मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो.

आता इथेनॉलची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती हलकी नाही. तिचा सर्वांत मोठा गुण असा की तिच्यासाठी आपल्याला काहीच बदलावे लागत नाही. तोच पंप, तीच टाकी, तोच मिस्त्री. देशातल्या कोट्यवधी जुन्या गाड्या भंगारात न काढता त्यांच्या पोटात थोडे थोडे देशी इंधन घालता येते, ही गोष्ट विजेला कधीही जमणार नाही. २००३ मध्ये पाच टक्क्यांपासून सुरू झालेले मिश्रण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर आले. पुढच्या पायरीचेही नमुने दिसू लागले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी दिल्लीत इनोव्हाचे फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारे, रूप दाखवले, तेव्हा आमच्या गावच्या पारावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते कारखान्याचे जुने सभासद आहेत. त्यांचा मुद्दा असा की साखर गोदामात पडून राहते आणि तिचे पैसे बाजाराच्या मर्जीने येतात, पण इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या काही आठवड्यांत चुकते करतात, म्हणून उसाचे बिल वेळेवर निघते. हे खरे आहे. आमच्या खात्यावर पहिला हप्ता अलीकडच्या वर्षांत पूर्वीपेक्षा लवकर जमा झालेला मी स्वतः पाहिला आहे. आखातात जाणारा पैसा वाळव्याच्या आणि शिरोळच्या शेतकऱ्याकडे वळत असेल, तर त्याला नावे ठेवणारा मी कोण?

मायलेजचे रडगाणे मी फार लांबवणार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा मिश्रण वाढले की सरासरी थोडी घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के आणि दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट गृहीत धरली होती. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत मला घट याहून थोडी जास्त जाणवली, पण त्या गाडीचे वय आणि माझा उजवा पाय, दोघांचाही त्यात वाटा असू शकतो. एवढ्यावरून मी बाजू बदलली नसती.

बदलली ती स्कूटरमुळे. घरात पंधरा वर्षांची एक स्कूटर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर तिचा वापर कमी झाला, आणि आषाढ-श्रावणात तर ती गोठ्याशेजारच्या पडवीत महिना-महिना उभी असते. पूर्वीही ती अशीच उभी असे आणि गौरीच्या सुमारास दोन-चार किका मारल्या की खोकत का होईना, सुरू होई. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर ती सुरू झाली नाही. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडला, धुतला, लावला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा त्याने टाकीच रिकामी केली आणि काचेच्या बरणीत ओतून माझ्यासमोर धरली. बरणी हलवली की सगळे गढूळ होई, आणि थोडा वेळ ठेवली की तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर बसे. मिस्त्री म्हणाला, “सर, हे पेट्रोल न्हाई, ताक झालंय.”

मी विज्ञान शिकवलेले आहे, त्यामुळे त्याला काय म्हणायचे होते ते मला लगेच कळले, आणि कळल्यामुळेच चीड अधिक आली. साध्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी गेले तर ते थेंब होऊन तळाशी निमूट पडून राहते. इथेनॉलचे मात्र पाण्याशी सख्य अधिक. मिश्रणातले इथेनॉल थोडे पाणी आधी सामावून घेते, पण पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की ते पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर खाली उतरते. मग तळाचा थर म्हणजे नुसते पाणी राहत नाही. ती पाणी घातलेली दारूच असते, आणि इंजिनाला नेमका तोच तळाचा घोट आधी मिळतो. हे पाणी माझ्या टाकीत कोठून आले, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. झाकणाचे रबर झिजलेले होते, पडवीत ओल असते, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतही पावसाळ्यात पाणी झिरपू शकते. नव्या गाड्यांच्या टाक्या अधिक घट्ट असतात आणि रोज चालणाऱ्या गाडीत इंधनाला इतके दिवस थांबायला वेळच मिळत नाही, हेही मला मान्य आहे. तरीही झाकण बदलल्यानंतरच्या पावसाळ्यात हाच प्रकार पुन्हा घडला, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी स्कूटर उभी करण्याआधी टाकी रिकामी करून ठेवली. गाडी आहे म्हणून पेट्रोल काढून ठेवायचे, हा प्रकार मला फारच विचित्र वाटला.

कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांचे घर आहे, ज्यांच्या दारातली एखादी गाडी पावसाळ्यात निवांत उभी राहते, किंवा जे शहरात राहून गावी एक जुनी दुचाकी ठेवून असतात, त्यांना ही कटकट माझ्याइतकीच भोवेल असा माझा अंदाज आहे. पुण्या-मुंबईत रोज गाडी पळवणाऱ्याला ती कदाचित कधीच जाणवणार नाही.

बरणीतला तो थर पाहिल्यापासून माझे लक्ष पाण्यावर खिळले. ज्या द्रवाला टाकीत पाणी चालत नाही, त्याच्या जन्माला शेतात किती पाणी लागते, हे आम्ही कृष्णाकाठचे लोक सांगू शकतो. आमच्या अडीच एकरांपैकी उताराकडचे पंधरा गुंठे आज क्षारपड आहेत. ते कोणी बुडवले नाहीत. वडिलांच्या काळापासून पाटाने उसाला दिलेल्या पाण्यानेच ते फुगले आणि पांढरे पडले. वाळवा, मिरज आणि शिरोळ तालुक्यांत अशी जमीन कोणालाही शोधावी लागत नाही. आम्ही आता निम्म्या उसाला ठिबक केले आहे, त्याने पाणी बरेच वाचते, आणि सगळीकडे ठिबक झाले तर माझा हा मुद्दा पुष्कळ बोथट होईल, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. परंतु आज जो ऊस गाळला जातो, त्याचा हिशेब नीती आयोगानेच मांडला आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते.

हा आकडा नुसता वाचून अंगाला लागत नाही, म्हणून त्याला आमच्या जिल्ह्यातल्या एका घटनेशेजारी ठेवतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरज स्थानकातून लातूरसाठी पाण्याची रेल्वे सुटली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. लातूर हाही उसाचाच मुलूख. त्या पाच लाख लिटर पाण्यात वरील हिशेबाने पावणेदोनशे लिटर इथेनॉल होईल, म्हणजे एका मोटारीच्या चार-पाच टाक्या. उसाला पावसाचेही पाणी मिळते आणि सगळे पाणी काही धरणातून येत नाही, असा आक्षेप घेता येईल, आणि तो घेतला पाहिजे. तरीही शुद्ध इथेनॉलवर लिटरला दहा किलोमीटर धावणारी गाडी प्रत्येक किलोमीटरमागे जवळजवळ दोनशे नव्वद लिटर पाणी मागे टाकत जाते, ही गोष्ट मी मनातून काढू शकलो नाही.

पाण्याचा दुसरा परिणाम अधिक व्यावहारिक आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी हे इंधनही दगा देते. २०२३ चा ऑगस्ट हा नोंदी सुरू झाल्यापासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, उसाचे उत्पादन घटेल अशी भीती निर्माण झाली, आणि त्याच डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. साखर महागू द्यायची नव्हती. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या उभ्या केल्या होत्या, त्यांची त्या आठवड्यात जी तारांबळ उडाली ती आमच्या भागात सर्वांनी पाहिली. निर्बंध थोडे सैल झाले, पुढच्या हंगामासाठी उठलेही, पण शंका राहिली. ब्राझीलमध्ये याहून मोठे नाटक घडून गेले आहे. तेथे ऐंशीच्या दशकाच्या मध्याला विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. १९८९ च्या सुमारास साखरेचे भाव चढले, तेल स्वस्त झाले, इथेनॉलचा तुटवडा पडला आणि त्या गाड्यांचे मालक रांगेत अडकले. लोकांचा विश्वास असा उडाला की तो परत येण्यासाठी २००३ मधल्या, पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्हींवर कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स गाडीची वाट पाहावी लागली. आपल्याकडे आता उसाऐवजी मक्यावर भार टाकला जात आहे, त्यामुळे पाण्याचा ताण हलका होईल खरा. पण मक्याचा भाव चढला की कोंबडीखाद्य महागते. माणसाच्या ताटातून किंवा जनावराच्या दावणीतून काढून टाकीत ओतायचे, हे या इंधनाचे मूळ दुखणे आहे.

एक हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, तो येथे देतो. आकडे गोळाबेरीज आहेत. आमच्याकडे एकरी चाळीस टन उतारा म्हणजे बरे पीक. टनाला सत्तर लिटर इथेनॉल धरले, तर एकराचे २,८०० लिटर होते आणि त्यावर गाडी २८,००० किलोमीटर धावेल. त्यासाठी निदान बारा-चौदा महिने, आडसाली असेल तर त्याहूनही अधिक काळ, लावण, भरणी, खत, तोडणीच्या टोळीची वाट आणि मुकादमाची मनधरणी. आता घराच्या गच्चीवर मी तीन किलोवॅटची पॅनेल बसवली आहेत. त्यांनी व्यापलेली जागा सुमारे तीनशे चौरस फूट, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडी जास्त. वर्षाला त्यांच्याकडून चार हजार युनिटच्या आसपास वीज मिळते, आणि माझी गाडी एका युनिटवर सात किलोमीटर जाते. गुणाकार करून पाहा. एकरभर उसावर गाडी जेवढी धावते, तेवढीच ती माझ्या गच्चीच्या एका कोपऱ्यावर धावते. मोकळ्या जमिनीवर पॅनेलच्या रांगांत अंतर सोडावे लागते, त्यामुळे तेथे हे प्रमाण निम्म्यावर येईल, तरी फरक प्रचंडच राहतो. उसाच्या पानाला पडलेल्या उन्हापैकी एखादा टक्का जेमतेम साठवता येतो आणि पॅनेलला वीस टक्क्यांच्या आसपास, यात पानाचा काही दोष नाही. त्याला स्वतः जगायचेही असते.

एवढे वाचून वीज म्हणजे निर्दोष असा समज होऊ नये. गाडी घरी आली त्या पहिल्याच संध्याकाळी चार्जरने लाल दिवा लावून काम नाकारले. विक्रेत्याच्या माणसाला बोलावले, त्याने वायरमनकडे बोट दाखवले, वायरमनने घराच्या अर्थिंगकडे. आमच्या घराचे अर्थिंग वडिलांच्या काळातले, खड्डा कोरडाठाक. फ्रीज आणि मिक्सरने त्याबद्दल तीस वर्षे तक्रार केली नव्हती, पण ही गाडी त्या बाबतीत फार सोवळी निघाली. नवा खड्डा खणून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घालून घेतली तेव्हा दिवा हिरवा झाला. मंजूर वीजभार वाढवण्यासाठी दोन हेलपाटे झाले. वळवाच्या पावसात तारा तुटल्या आणि दीड दिवस वीज नव्हती, तेव्हा मी दादांच्या मोटारसायकलवर मागे बसून तालुक्याला गेलो आणि वाटभर त्यांचे ऐकून घेतले.

लांबच्या प्रवासाचा अनुभव संमिश्र आहे. रत्नागिरीला जाताना वाटेतल्या एका हॉटेलच्या आवारातला चार्जर ॲपवर चालू आणि प्रत्यक्षात बंद होता. पुढचा सापडला तेथे आधीच एक गाडी लावलेली, म्हणून पाऊण तासाच्या कामाला दीड तास गेला. उलट आंबा घाट उतरताना ब्रेक लावल्याने जी वीज परत बॅटरीत येते, तिने टक्के कमी होण्याऐवजी चार-पाच वाढलेले पाहून सौभाग्यवतींनी विचारले की मग परत येताना घाट चढूच नये का. जुन्या बॅटरीच्या गाडीला विकताना काय भाव येईल, याचे उत्तर आजच्या बाजारात कोणीही भरवशाने देत नाही. ज्याला तीन-चार वर्षांनी गाडी बदलण्याची सवय आहे, त्याने या मुद्द्याला माझ्यापेक्षा जास्त वजन द्यावे.

आणि कोळसा. रात्री गाडी चार्ज होते तेव्हा माझी पॅनेल झोपलेली असतात. दिवसा त्यांनी ग्रिडला दिलेली वीज आणि रात्री मी घेतलेली वीज यांचा मेळ मीटरच्या हिशेबात बसतो. तारेतून येते ती पुष्कळशी चंद्रपूर-कोराडीसारख्या केंद्रांची, कोळशाची. बॅटरीसाठी लागणाऱ्या लिथियमची कथाही कोरडी नाही: चिलीच्या अटाकामा वाळवंटात ते जमिनीखालचे खारे पाणी उपसून, उन्हात आटवून काढले जाते आणि त्यावरून तेथील रहिवाशांची तक्रार आहे. शुद्धीकरण आणि बॅटरी बनवण्यावर चीनची पकड आहे, म्हणजे आखाताऐवजी दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहणे आलेच. फरक मला एवढाच दिसतो की बॅटरी एकदा विकत घ्यावी लागते आणि तेल दर आठवड्याला. पुरवठा अडला तर नवी गाडी मिळायला उशीर होईल, पण दारातली थांबणार नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र वीज स्पष्टपणे उजवी ठरते, अगदी कोळशाची धरली तरी. जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये असा २०१५ चा नियम आहे. तो पाळला गेला असे मानले तर माझ्या गाडीला किलोमीटरमागे अर्धा लिटर पाणी लागते. नियम दुपटीने मोडला जात असला तरी एक लिटर. उसाचा आकडा वर दिलेलाच आहे. दादांनी यावर कोयनेचे उदाहरण काढले होते: कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी वीज करून चिपळूणकडे सोडले जाते, ते काय पाणी नव्हे? त्यांचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट दोन्ही बाजूंचे उत्साही लोक विसरतात. तेलाची जागा घ्यायची म्हणजे फक्त मोटारींची नव्हे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. तेल महाग झालेल्या जगात माझ्या गाडीपेक्षा ती बस कितीतरी जास्त माणसांना सावरील, यात मला शंका नाही. तिथे विजेला अडचण दिसत नाही. विमानाला मात्र बॅटरी उचलत नाही. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळले होते, आणि अल्कोहोलपासून विमानाचे इंधन करण्याची ती वाट आहे. उसाच्या प्रत्येक थेंबाला इतके पाणी लागत असेल, तर तो थेंब जिथे दुसरे काहीच चालत नाही तिथे खर्चावा, बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीत नव्हे. असे झाले तर कारखान्यालाही गिऱ्हाईक राहील आणि दादांचे बिलही वेळेवर निघेल.

तेव्हा पुतण्यासाठी माझे म्हणणे असे. तो कोल्हापुरात राहतो, रोजची धाव साठ-सत्तर किलोमीटरची आहे, इमारतीत स्वतःची पार्किंगची जागा आहे आणि सोसायटीने चार्जरची वायर ओढू देण्याचे कबूल केले आहे. अशा माणसाने विजेवरची गाडी घ्यावी, आणि घेण्याआधी एखाद्या जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. ज्याची गाडी रस्त्यावर उभी राहते, ज्याला महिन्यातून चार वेळा नांदेड-नागपूर करावे लागते, किंवा ज्याची सध्याची पेट्रोल गाडी अजून पाच वर्षे सहज चालेल, त्याला मी घाई करायला सांगणार नाही. त्याने आहे ती गाडी जपून वापरावी. फ्लेक्स-फ्युएल गाड्या सर्रास मिळू लागतील आणि शुद्ध इथेनॉल जवळच्या पंपावर दिसू लागेल, तेव्हा पुन्हा विचार करावा. कदाचित तोवर ठिबकाने आणि मक्याने माझे काही आक्षेप निकालातही काढलेले असतील. जुनी दुचाकी पावसाळ्यात उभी ठेवणाऱ्याने मात्र टाकी एक तर काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी. अर्धी ठेवू नये.

स्कूटर अजून पडवीत आहे, टाकी कोरडी. गाडी आता तीन उन्हाळे काढून चौथ्यात आहे. अर्थिंगचा नवा खड्डा वैशाखात सुकला की चार्जर पुन्हा कुरकुर करू लागतो, म्हणून दर रविवारी त्यात दोन बादल्या पाणी ओतावे लागते. हे काम दादांनी आपणहून अंगावर घेतले आहे. बादली रिती करताना ते माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात, “हिलाबी पाणी लागतंयच की.”